वाइनची वाट गंगापूर धरणावरच का थांबते?

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आमच्याकडे खायची थॉमसन आहे, तशी वाइनची शेनिन ब्लांही आहे. शनिवार-रविवारी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्यांसमोर मुंबई-पुण्याच्या गाड्या दिसतात, त्याचा आनंदच होतो. पण बहुतेक पाहुणे तिथूनच माघारी फिरतात. आमची दिंडोरी, निफाडकडचा विंचूर वाइन पार्क, इगतपुरीच्या बाजूचं सांजेगाव, कावनई हे त्यांच्या वाटेत येतच नाही.

कारण साधं आहे. वाइन चाखलेल्या माणसाने गाडी चालवायची नाही. मग या वायनरीतून त्या वायनरीत तो जाणार कसा? म्हणून माझी पहिली मागणी बसची आहे. जानेवारी ते मार्च, सुटीच्या दिवशी नाशिक रोड स्टेशनवरून सुटणारी, एका तिकिटात दोन-तीन वायनऱ्या आणि शेतकऱ्याची एक बाग दाखवून संध्याकाळी परत आणून सोडणारी बस.

बाग मी मुद्दाम म्हणतो आहे. पावसाळ्यात लोक हिरवाई बघायला येतात, तेव्हा वेलीवर घड नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी होते, पुढे मण्यात पाणी उतरतं, रोज गोडी मोजली जाते, आणि तोडणी पहाटेच्या गारठ्यात, फळ तापायच्या आत उरकावी लागते. हे ज्याने पाहिलं त्याला बाटलीची किंमत सांगावी लागत नाही.

२००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर माझ्या वडिलांनी वाइनची द्राक्षं लावली. २००८-०९ च्या मंदीत मागणी बसली, करार केलेल्या कारखान्याने माल उचलला नाही आणि आम्ही अर्धी बाग मुळासकट काढली. बागेत पाहुणे आले, तर शेतकऱ्याला दुसरं उत्पन्न मिळेल, एकाच खरेदीदारावर त्याचा जीव टांगलेला राहणार नाही.

आज परवाने उत्पादन शुल्क विभागाकडे, विंचूरचे भूखंड एमआयडीसीकडे आणि पर्यटन आपल्याकडे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या सगळ्या वायनऱ्यांना जोडणारी वाट सांभाळायला कुणी एक नाही. नाशिकला त्यासाठी एक छोटं कार्यालय हवं आणि त्याच्या समितीवर वायनरीवाल्यांइतकेच शेतकरी आणि ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी हवेत. दारूने मोडलेली घरं मीही गावात पाहिली आहेत. त्यामुळे रस्त्याकडेला नवी दुकानं नकोत, आणि कोणताही थांबा ग्रामसभेला, त्यातही गावच्या बायकांना विचारल्याशिवाय ठरू नये.

२०२७ च्या कुंभमेळ्यासाठी रस्त्यांची कामं निघालीच आहेत. त्यातच दिशादर्शक पाट्यांचा खर्च बसवता येईल. बाकी समितीला वेळ लागेल हे समजतं. बसला मात्र लागू नये. येत्या हंगामात एक बस सुरू करा. पहिल्या फेरीसाठी आमची बाग उघडी आहे.

आपला,
दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार