व्हॉइसमेलची बटणे पुन्हा चालू करून देणाऱ्या काकांस आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

टोरांटोजवळच्या आमच्या छोट्या करसल्लागार कार्यालयातील जुन्या नॉरस्टार फोनची व्हॉइसमेलची बटणे आपण पुन्हा चालू करून दिलीत, त्याबद्दल आम्हां सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, अशी यंत्रणा वापरणाऱ्या इतरांनाही आपण दाखवलेली वाट उपयोगी पडावी.

कार्यालय वरच्या मजल्यावरून खाली हलवल्यापासून स्वागतकक्षातील फोनवर ‘व्हॉइसमेल’ अशी चिठ्ठी असलेले बटण दाबले की कोठीच्या खोलीतला फोन वाजू लागे, आणि शेजारच्या टेबलावर तेच बटण दाबले तर काहीच होत नसे. संदेश आल्याची सूचना मात्र पडद्यावर दिसत राही. ३० एप्रिलची विवरणपत्राची मुदत जवळ आलेली, आणि आमचे कित्येक वयस्क अशील ईमेल न करता फोनवरच सविस्तर निरोप ठेवणारे. त्यामुळे न ऐकलेला प्रत्येक निरोप म्हणजे कोणाचे तरी अडलेले काम होते. नॉर्टेल कंपनीने २००९ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केल्यामुळे मूळ निर्मात्याकडे जाण्याची सोय नव्हती, आणि ज्यांना विचारले त्यांनी सगळी यंत्रणाच बदला, एवढाच सल्ला दिला.

आपण मात्र आल्यावर एकही तार उपसली नाहीत. फीचर, तारका आणि शून्य अशी बटणे दाबून मग ते संशयित बटण दाबलेत, आणि पडद्यावर ‘२२४’ हा कोठीचा अंतर्गत क्रमांक उमटला. बटण बिघडलेले नव्हते. त्याला नेमून दिलेले काम ते चोख करत होते, फक्त त्यावरची चिठ्ठी दुसऱ्याच कामाची होती.

त्यानंतर आपण जे समजावून सांगितलेत, ते मला फार मोलाचे वाटते. या यंत्रणेत बटणांची कामे फोनमध्ये साठवलेली नसतात, ती भिंतीवरच्या मध्यवर्ती पेटीत त्या त्या जोडणीच्या नावे नोंदलेली असतात; म्हणून फोन उचलून दुसऱ्या जोडणीला लावला की कागदी चिठ्ठी त्याच्याबरोबर जाते, पण बटणाला काम मिळते ते नव्या जागेचे. फोनबरोबर त्याच्या नोंदीही हलाव्यात अशी सोय पेटीत असते, परंतु ती आधीच चालू करून ठेवावी लागते, आणि आमच्याकडे ती बंद होती. मग फीचर, तारका, तीन, त्यापाठोपाठ हवे ते बटण आणि शेवटी फीचर ९८१ हा आमच्या व्हॉइसमेलचा संकेत, असा क्रम आपण स्वतः न दाबता आमच्या प्रत्येक सहकाऱ्याकडून त्याच्या त्याच्या फोनवर दाबून घेतलात. त्या धीराचे मला विशेष कौतुक वाटते, कारण एवढ्या वेळात आपण सगळे फोन एकट्याने सहज उरकले असते.

एका सहकाऱ्याची तक्रार वेगळी होती: बाहेरच्या एका व्हॉइसमेलला फोन लावून सांकेतिक आकडे दाबले तरी पलीकडचे यंत्र ते ओळखत नसे. प्रत्येक आकड्याचा स्वर दोन कंप्रतांचा मिळून होतो, जसा सातचा ८५२ आणि १२०९ हर्ट्झचा, आणि नॉरस्टारची पेटी तो ठरावीक, अगदी थोडा वेळच पाठवते, त्यामुळे काही यंत्रांना तो अपुरा पडतो, हे आपण सांगितलेत. फोन जोडला गेल्यावर फीचर ८०८ दाबले की बोट बटणावर असेपर्यंत स्वर चालू राहतो, आणि ही सवलत तेवढ्या एका संभाषणापुरतीच असते, हेही बजावलेत. त्या सहकाऱ्याने तिथल्या तिथे आपला निरोप ऐकला.

आपण मानधन नाकारलेत, चहाखेरीज काही घेतले नाहीत. कोणती जोडणी कोणत्या टेबलाची आणि तिथे कोणत्या बटणाला कोणते काम, हा आपण करवून घेतलेला तक्ता आता पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस लावला आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. कृपया सवडीने नजरेखालून घालावी आणि काही राहून गेले असल्यास कळवावे.

आपले ऋणी,
कार्यालयातील सर्व सहकारी