पाय अचानक लुळा पडला, तर थांबू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पल्स पोलिओ मोहिमेच्या फलकांवर रविवारची तारीख आणि बूथची जागा ठळक असते. पोलिओ झालेले मूल कसे ओळखावे, हे मात्र त्यांवर सहसा नसते. देशातला निसर्गातील विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे आजच्या बहुतेक तरुण आईवडिलांनी, आणि कित्येक तरुण डॉक्टरांनीही, हा आजार प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही. तरीही २०२४ मध्ये मेघालयातील एका बालकाला लशीपासून उद्भवलेल्या (तोंडावाटे देण्याच्या लशीतील दुबळ्या विषाणूत बदल होऊन तयार झालेल्या) विषाणूने गाठलेच.

बहुसंख्य बाधित मुलांना काहीच होत नाही. काहींना ताप, घसादुखी, उलट्या, मान आखडणे एवढेच होते. साधारण दोनशेंत एकाला मात्र लुळेपणा येतो, आणि तो भराभर येतो. काल घरभर धावणारे मूल आज उभे केले की एक पाय दुमडून खाली बसते, मांडीला हात लावला तरी कळवळते. तळव्याला गुदगुल्या केल्या तर त्याला त्या कळतात, पण पाय ओढून घेता येत नाही. कारण स्नायूंतला जोर गेलेला असतो, संवेदना शाबूत असते. दोन्ही पाय सारखेच लुळे पडले किंवा मुंग्या येत असतील, तर कारण बहुधा वेगळे असते, पण तो निवाडा घरी करायचा नाही.

आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना मला सर्वाधिक त्रास झाला तो वाया गेलेल्या दिवसांचा. पाय मुरगळला असेल म्हणून तेल चोळायचे, मग हाडवैद्य, मग तापासाठी इंजेक्शन; वास्तविक पोलिओच्या संसर्गात स्नायूत दिलेले इंजेक्शन लुळेपणा वाढवू शकते. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. निदानासाठी शौचाचे दोन नमुने, किमान २४ तासांच्या अंतराने आणि लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्यावे लागतात, कारण त्यानंतर विषाणू सापडण्याची शक्यता कमी होत जाते. मुलाने डोस घेतलेले असले, तरीही कळवायचेच.

आपल्या दैनिकाने पुढील मोहिमेच्या बातमीसोबत ही लक्षणेही चौकटीत छापावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा