त्या पांढऱ्या चेंडूसाठी थँक्यू, सर

सर, व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचा इमोजी टाकून भागलं असतं, पण मला नीट लिहायचं होतं म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, रागावू नका.

रील्स बघून बघून मी पोर्ट्रेट शिकायला आले होते आणि तुम्ही पुढ्यात ठेवलात पांढरा पोस्टर कलर फासलेला रबरी चेंडू, तसाच एक खोका आणि पावडरचा डबा. ट्यूबलाइट बंद, खिडकीला पडदा, फक्त डावीकडून एक टेबल लॅम्प. दोन दिवे असले की सावल्याही दोन पडतात आणि शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो, हे तेव्हाच सांगितलंत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या असल्याने आधी आउटलाइन मारायची आणि मग सिक्स-बीच्या गडद पेन्सिलीने आत घासायचं एवढंच हाताला ठाऊक होतं. तुम्ही चारकोलची कांडी मोडून आडवी धरायला लावलीत, डोळे अर्धे मिटा म्हणालात आणि उजेड कुठला, अंधार कुठला एवढेच दोन भाग आधी पाडून घेतलेत. विलो चारकोल, म्हणजे विलोच्या काटक्यांचा कोळसा, फडक्याने झटकला तरी बराचसा निघून जातो, त्यामुळे कागदाची भीतीच गेली, हे पेन्सिलीत कधी झालं नव्हतं.

पण खरं थँक्यू त्या पिवळ्या कागदासाठी. चेंडूच्या सावलीकडच्या बाजूला अगदी खाली जो उजेड दिसतो तो येतो कुठून हे मला कळत नव्हतं, तर तुम्ही काही न बोलता चेंडूखाली पिवळा घोटीव कागद सरकवलात आणि पांढऱ्या चेंडूचं पोट चक्क पिवळं झालं! टेबलावरून परत आलेला उजेड तो. आणि त्या दोन उजेडांच्या मधे जो सगळ्यात गडद पट्टा राहतो त्याच्यामुळेच चेंडू गोल दिसतो, नाहीतर नुसती चकती. मग पोस्टकार्डाला भोक पाडून त्यातून एकेक जागा बघायला लावलीत, तेव्हा तर मी उडालेच, कारण जो खालचा उजेड मला जवळजवळ पांढरा वाटत होता तो भोकातून बघितला तर चांगला राखाडी निघाला, उजेडाकडच्या बाजूपेक्षा कितीतरी गडद. शेजारी काळं असलं की डोळा असा फसतो. यूट्यूबवर हे सांगणारे ढिगाने आहेत, पण पोस्टकार्ड हातात देणारं कोणी नाही.

डब्याचंही तसंच. वरची कडा नजरेच्या पातळीजवळ म्हणून चपटी, खालची जास्त फुगीर, आणि दोन्ही टोकांना कोपरा येता कामा नये. फ्रेंच चित्रकार सेझाननेही 1904 च्या पत्रात दंडगोल, गोल आणि शंकू यांच्यातूनच निसर्ग बघायला सांगितलं होतं, हे तुम्ही किती सहज बोलून गेलात. आता आमच्या सोसायटीची पाण्याची टाकीसुद्धा मला डबाच दिसते.

काकूंचेही आभार, पांढऱ्या अभ्र्यावर माझी काळी बोटं उमटली तरी चहा आलाच. आणि चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारायचं फिक्सेटिव्ह नव्हतं तेव्हा त्यांचाच हेअरस्प्रे मारलाय आपण, ते त्यांना सांगितलंत का?

शंकू अजून नीट जमत नाहीये. गडद पट्टा टोकाकडे निमुळता होत जातो ते कळतं, पण टोकाशी पोचले की सगळं काळं होऊन बसतं. कागद घेऊन येतेय, रविवारी असाल ना घरी?