शर्टाचा घोळ

पेनसिल्व्हेनिया, डिसेंबर

ती. बापूकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर विचारलंत, तिकडची माणसं खरंच बंदुका घेऊन रानात जातात का. जातात, आणि सणाला जावं तशी जातात. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारच्या सणानंतर येणाऱ्या शनिवारी हरणांचा रायफल-हंगाम उघडतो. 2018 पर्यंत तो सोमवारी उघडायचा, आणि त्या सोमवारी बऱ्याच शाळा अजूनही बंद असतात. डोकं, छाती आणि पाठ मिळून निदान 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर लागतं. दुसऱ्याने आपल्याला हरीण समजू नये म्हणून.

ऑफिसातल्या एकाच्या घरच्यांचा उत्तरेला पॉटर काउंटीत कॅम्प, म्हणजे शिकारीसाठी बांधलेलं लाकडी घर आहे. तिथे जेवायला बोलावलं होतं. मी बंदुकीला हात लावला नाही, हे आईला आधी सांगा.

भिंतीवर शिंगं होती, पण त्याहून जास्त जागा शर्टांच्या चिंध्यांनी अडवली होती. हरणावर झाडलेली गोळी हुकली की इथे त्या माणसाच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कापतात, त्यावर नाव आणि साल लिहितात आणि खिळ्याने ठोकतात. एका चिंधीवर नावाखाली एवढंच लिहिलेलं: ‘हरीण उभं होतं.’ आपल्या भाऊआजोबांचा वाघ दर दिवाळीला हातभर लांब व्हायचा आणि त्यांचा बार कधी फुकट गेला नाही. इथे जेवणं झाल्यावर जो तो आपलीच फजिती सांगायला पुढे.

एकाने पहिल्या हंगामातली सांगितली. मोठा नर समोर आला, याचे हातपाय लटपटले. त्याला ‘बक फीव्हर’ म्हणतात. याने खटका ओढलाच नाही, नुसता बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायचा दांडा, मागेपुढे करत राहिला. सगळी काडतुसं न फुटता पायाशी पडली, आणि हा शपथेवर सांगत होता की मी सगळ्या गोळ्या झाडल्या. दुसऱ्याने मचाणाच्या कठड्यालाच भोक पाडलेलं. दुर्बीण नळीच्या दीडेक इंच वर बसते, त्यामुळे दुर्बिणीतून हरीण स्वच्छ दिसतं आणि नळीसमोर मात्र लाकूड असतं. कोणी तर असंच स्वतःच्या पिकअपचं बॉनेट फोडतं म्हणे.

मात्र जनावर जखमी होऊन हाती लागलं नाही, तर त्यावर कोणी हसत नाही. कात्रीही निघत नाही. हा भेद मला आवडला.

चुकून भलतंच मारलं, तर कबुलीची सोय कायद्यातच आहे. 2002 पासून राज्याच्या बहुतेक भागात प्रौढ शिकाऱ्याला एका बाजूला निदान तीन टोकांची शिंगं असलेलाच नर मारता येतो. मोजणी चुकली, तर बारा तासांच्या आत हरीण गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या, अधिकाऱ्याकडे न्यायचं, चूक लिहून द्यायची, थोडी भरपाई भरायची. लपवणारा पकडला गेला, तर त्याला मात्र चांगलंच महाग पडतं.

याबाबतीत मोठ्यांपेक्षा हे कॅम्पवाले बरे. फेब्रुवारी 2006 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी टेक्सासात लाव्यांच्या शिकारीत 78 वर्षांच्या हॅरी व्हिटिंग्टन यांनाच छर्रे मारले. टीव्हीवर येऊन ‘चाप मीच ओढला’ म्हणायला त्यांना चार दिवस लागले. आणि व्हिटिंग्टन इस्पितळातून बाहेर आले ते चेनींच्या घरच्यांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त करत! ज्याने छर्रे खाल्ले त्यानेच.

हरणाचं मांस वाढलं होतं. मी बटाटे आणि पावावर भागवलं, कोणी आग्रह केला नाही.

रानडुकरांनी भुईमूग उकरला होता त्याचा पंचनामा झाला का? वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज टाकलात तर कागदांचे फोटो काढून मला पाठवा. काकूंना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुमचा,
सुहास