मुख्यमंत्री महोदय, विदेशी बँका आल्या तर त्यांनी गोव्यात कर्जेही द्यावीत

मा. मुख्यमंत्री तथा अर्थमंत्री, गोवा राज्य,
पर्वरी

महोदय,

स. न. वि. वि.

२०२५ साली बँकिंगमधल्या दोन मोठ्या बातम्या आल्या. जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेने येस बँकेचा वीस टक्के हिस्सा घेतला, आणि ऑक्टोबरात दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने आरबीएल बँकेचा साठ टक्के हिस्सा सुमारे २६,८५३ कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला. आरबीएल म्हणजे १९४३ साली कोल्हापुरात सुरू झालेली रत्नाकर बँक. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांची बँक दुबईच्या हाती जाणार म्हणून काहींना हळहळ वाटली. मला नाही वाटली. भांडवल कुठून येते यापेक्षा कर्ज कुठे जाते हे पाहावे, असे बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाचे मत आहे.

आजवर विदेशी बँक भारतात येई ती मुंबई-दिल्लीत शाखा थाटून. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने दुसरे दार उघडले: पाचशे कोटींचे भांडवल आणून इथेच पूर्ण मालकीची उपकंपनी काढा, शाखा उघडण्यात जवळपास देशी बँकांइतकी मोकळीक घ्या. एचएसबीसी, स्टँडर्ड चार्टर्ड या जुन्या मंडळींनी त्या दाराकडे पाठच फिरवली. सिंगापूरची डीबीएस २०१९ मध्ये त्यातून आली आणि पुढच्याच वर्षी बुडत्या लक्ष्मी विलास बँकेच्या साडेपाचशेहून अधिक शाखा तिच्या पदरात पडल्या. त्यावरून बाकीच्यांनी बोध घेतला असावा. मूठभर शाखांवर किरकोळ (म्हणजे सामान्य ग्राहकांचा) धंदा रेटत बसण्यापेक्षा चालती बँकच घेतलेली बरी. सिटी बँकेसारखी १९०२ पासूनची बँक आपला किरकोळ व्यवसाय ॲक्सिसला विकून २०२३ मध्ये मोकळी झाली, ती काय उगाच?

गोव्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. वीसपेक्षा कमी शाखा असलेल्या विदेशी बँकेला शेती, लहान उद्योग अशा प्राधान्य क्षेत्राला द्यायच्या चाळीस टक्के कर्जापैकी बत्तीस टक्के निर्यात कर्जातूनच भागवता येतात. विकत घेतलेली देशी बँक मात्र शेतीला अठरा टक्के, दुर्बल घटकांना बारा टक्के या अटींनी बांधलेली असते. पण त्यातही पळवाट आहे. एखाद्या बँकेला उद्दिष्ट गाठता आले नाही, तर ती दुसऱ्या बँकेकडून प्राधान्य कर्जाची प्रमाणपत्रे विकत घेते. म्हणजे काणकोणच्या काजू बागायतदाराला एक पैसाही न देता कागदोपत्री सगळे चोख!

गोव्यात बँकांचा तुटवडा नाही, लहान गावातही शाखा दिसते. तारवट्यांचा (बोटीवर नोकरी करणाऱ्यांचा) पैसा, आखातातला पैसा, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या मुलांचा पैसा इथे ठेवींत पडून आहे. ठेवींच्या मानाने कर्जवाटप मात्र देशाच्या सरासरीपेक्षा खूपच कमी. आपला पैसा आपल्याच शाखांतून परराज्यात जातो, आणि डिचोलीचा ट्रकमालक खाण बंद पडल्यावर दुसरा धंदा उभारायला भांडवल मागत फिरतो. नवी बँक आली आणि तिनेही ठेवीच गोळा केल्या, तर फक्त पाटी बदलेल.

सगळा दोष बँकांचाही नाही. गोव्यात तारण घेणे म्हणजे दिव्य. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) आजोबांचे नाव, वारस चौदा, त्यातले पाच परदेशात, इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीचा दावा) कोर्टात पडून. इथल्या दिवाणी कायद्यामुळे घर गहाण टाकायला नवरा-बायको दोघांची सही लागते (ही अट मला चांगलीच वाटते), शिवाय जमिनीत मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) हक्क असतो किंवा ती कोमुनिदादची, म्हणजे गावकीची, निघते. मुंबईत बसलेला कर्ज अधिकारी अशी फाइल पाहून बाजूला ठेवतो. कर्जदाराला घराण्यावरून ओळखणाऱ्या सहकारी बँकांना हे कळत होते. पण म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. ती जागा अजून भरलेली नाही, आणि विदेशी मालकीच्या बँकेला गोव्यात खरी संधी असेल तर इथेच आहे.

जुन्या लोकांना धास्ती वाटेल, हे मान्य. बांको नासियोनाल उल्त्रामारिनु ही पोर्तुगिजांची बँक इथे नोटासुद्धा काढायची. गोवेकरांनी तिच्याकडे गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या वेळी लिस्बनला गेले ते परत यायला तीस वर्षे लागली. आज बँक कोणाचीही असो, लगाम रिझर्व्ह बँकेच्या हाती आहे.

परवाने देणे आपल्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण राज्याच्या महामंडळांच्या आणि स्वायत्त संस्थांच्या ठेवी कुठे ठेवायच्या हे सरकार ठरवते. पाव टक्का जादा व्याज देणाऱ्या बँकेला त्या देऊन टाकण्याऐवजी एक अट घाला: जी बँक गोव्यात कर्ज देते तिलाच ठेवी, आणि ती कर्जे शेती, मासेमारी, लहान उद्योगांना दिलेली असावीत. बिल्डरच्या व्हिलांना दिलेले कर्ज यात धरू नका. प्रमाणपत्रे विकत घेतलेली तर नकोतच. देशी-विदेशी असा भेद न करता ही अट सगळ्यांना लावा.

सोबत रखडलेल्या इन्व्हेंटरी आणि म्युटेशनच्या (जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याच्या) प्रकरणांसाठी मामलेदार कचेऱ्यांना व न्यायालयांना माणसे द्या. नाहीतर बँका तयार झाल्या तरी तारणाचे कागद तयार नसतील.

राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या पुढच्या बैठकीआधी प्रत्येक बँकेचे तालुकावार ठेवी-कर्जाचे आकडे मराठी आणि कोकणीत जाहीर करावेत, ही विनंती. सत्तरी, सांगे, काणकोण आणि धारबांदोडा यांचे आकडे आधी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, फोंडा