पैसा दसऱ्याआधी यावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या धोरणातही तेच आहे. आरोग्यावर २०२५ पर्यंत अडीच टक्के खर्चाचे उद्दिष्ट २०१७ च्या धोरणात ठरले. टक्का वाढलाच पाहिजे. पण तो पैसा कोणत्या महिन्यात हाती पडतो, याबद्दल मला लिहायचे आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली निवृत्त मुख्याध्यापिका. दसरा-दिवाळीला आमच्या भागातली घरेच्या घरे ऊसतोडीला जातात. लेकरे मागे राहावीत म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे: मूल आजीपाशी राहते, दोन वेळचे जेवण शाळेकडून मिळते. योजना चांगली आहे. आमच्याकडे एका वर्षी मंजुरीच उशिरा आली.

त्या पहाटे मी टोळीच्या ट्रॅक्टरपाशी गेले होते. चौथीतली एक मुलगी वळकट्यांवर बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ, खांद्याला दप्तर. तिची आई म्हणाली, "बाई, जेवण कधी सुरू हुईल तेवढं सांगा. आज सांगितलं तर पोरगी म्हातारीपाशी ठिवते." माझ्याजवळ उत्तर नव्हते. ट्रॅक्टर गेला. दप्तर घेऊन निघालेली ती मुलगी सगळा हंगाम कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाऊ सांभाळत आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करत राहिली. गुढीपाडव्याला परत आली तेव्हा हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसते गैरहजेरीचे शेरे होते. ते मीच मांडलेले.

पुढच्या वर्षी मी वाट पाहिली नाही. गावातल्या दुकानातून तेल, डाळ, तांदूळ उधारीवर आणला आणि चूल पेटवली. बिल निघाले मार्चअखेरीस. तोवर दुकानदाराची वही भरली होती आणि आईबाप परतायलाही लागले होते.

टोळी जमवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मात्र पावसाळ्यातच घरात येते. बियाणे, आजारपण, लग्न या गरजा तेव्हाच असतात, हे मुकादमाला ठाऊक आहे. सरकारलाही ठाऊक असायला हवे.

दवाखान्याचेही तसेच. ५,००० लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र हा निकष. आमच्याकडे इमारत नवी, फरशी गुळगुळीत, पण सिस्टरची जागा रिकामी. शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टर आठवड्यातून दोनदा येऊन जात. सातव्या महिन्याची बाई फडावर निघते, तेव्हा तिचे रक्त तपासून गोळ्या बरोबर देणारे माणूस त्याच आठवड्यात गावात हवे. नंतर ती सापडणार कुठे?

म्हणून माझी विनंती एवढीच: हंगामी वसतिगृहांची मंजुरी ऑगस्टमध्ये द्यावी, पहिला हप्ता दसऱ्याआधी शाळेच्या खात्यात यावा, आणि टोळ्या निघण्यापूर्वी उपकेंद्रांतल्या सिस्टरच्या रिकाम्या जागा भराव्यात.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
ता. धारूर, जि. बीड