हृदयरुग्णांची औषधे आणि विमानतळावरची तपासणी

महोदय,

गेल्या महिन्यात लेकीकडे जाताना एका विमानतळावर आमची जी धांदल उडाली, ती दुसऱ्या कुणाची उडू नये म्हणून हे पत्र. ह्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. रक्त पातळ करणाऱ्या आणि प्रेशरच्या गोळ्या मी स्ट्रिपमधून काढून वारांच्या डबीत भरल्या होत्या. सोम ते रवी, सात कप्पे. जिभेखाली मारायचा नायट्रोग्लिसरीनचा स्प्रेही सोबत होता. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र चेक-इनच्या बॅगेत गेलेली! "या कसल्या गोळ्या?" असं जवानाने विचारल्यावर दाखवणार काय? पंधरा मिनिटं ट्रे पलीकडे आणि हे घामाघूम होऊन अलीकडे उभे. छातीत कळ आली असती तर? स्प्रे समोर दिसत होता, पण हातात नव्हता. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

जवानाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नायट्रोग्लिसरीन हा डायनामाइटमधलाच पदार्थ. औषधात तो इतका थोडा असतो की स्फोटाचा प्रश्नच येत नाही, पण नाव वाचून कुणीही थबकेल. म्हणून चिठ्ठी हातातल्या पर्समध्येच ठेवा, गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्या.

प्रशासनाला विनंती एवढीच, की रांगेच्या सुरुवातीलाच याबद्दल मराठीत ठळक फलक लावावा, आणि तपासणी लांबली तर तातडीचं औषध रुग्णाच्या हाताशी राहू द्यावं.

– एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई